मेलमन ३ : काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

मेलमन म्हणजे ईमेल-याद्या (मेलिंग लिस्ट: एका पत्त्यावर पाठवलेलं पत्र सगळ्या सदस्यांना) चालवणारा सर्व्हर. मेलमन २.१ वरच्या आमच्या याद्या मेलमन ३ वर आणून आता बरेच महिने झाले. हे इन्स्टॉल कसं करायचं यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. एकदा चालू झाल्यावर रोज काय होतं, पत्र अडलं तर कुठे हात घालायचा, यावर मात्र फारच थोडं. म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: टर्मिनलवर काम करायची तयारी असेल आणि यादीवरचं प्रत्येक पत्र तुमच्या सदस्यांना खरोखर महत्त्वाचं असेल, तर हेच वापरा.

हलवणं तर भागच होतं. २.१ पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती २ वर चालतो आणि पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला. ३.० आवृत्ती २०१५ मध्येच आली होती, पण ती जुन्याची डागडुजी नाही. पत्रं हाताळणारा कोअर वेगळा, सेटिंगसाठीचा पोस्टोरियस वेगळा, जुनी पत्रं दाखवणारा हायपरकिटी वेगळा. पोस्टफिक्स, म्हणजे पत्रांची ने-आण करणारा मेल सर्व्हर, पत्र आणून देतो ते एलएमटीपीने (पत्र सुपूर्द करायची पद्धत) ८०२४ पोर्टवर, आणि वेबचे भाग कोअरशी बोलतात ते ८००१ वर. हे चित्र डोक्यात पक्कं बसेपर्यंत हा सर्व्हर त्रासदायक वाटतो. बसल्यावर त्याच रचनेचा आधार वाटायला लागतो.

कारण यात पत्र हरवत नाही, अडकतं. कोअरमधल्या प्रत्येक टप्प्याची स्वतःची रांग आहे: इन, पाइपलाइन, आउट, बाउन्सेस, आर्काइव्ह वगैरे. रांग म्हणजे डिस्कवरचा एक फोल्डर आणि त्यातलं पत्र म्हणजे एक फाइल. सर्व्हर मध्येच बंद पडला तरी फाइल जागेवर असते. त्यामुळे 'माझं पत्र यादीवर आलंच नाही' अशी तक्रार आली की शोधायचं एवढंच, ते कुठे थांबलंय. सदस्याकडून मेसेज-आयडी (पत्राची खास ओळख-खूण) मागून घ्यायचा, पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये तो पाहायचा, पत्र एलएमटीपीने कोअरला पोचल्याची ओळ दिसली की तिथून पुढे मेलमनचा लॉग. मेसेज-आयडी दोन्हीकडे तोच असतो, त्यामुळे माग सुटत नाही.

आमच्याकडच्या बहुतेक 'हरवलेल्या' पत्रांचं उत्तर मात्र याहून साधं निघालं: ती मॉडरेशनमध्ये, म्हणजे व्यवस्थापकाच्या मंजुरीसाठी थांबलेली होती. मूळ सेटिंगप्रमाणे सदस्य नसलेल्याचं पत्र थांबवलं जातं. यात दुसऱ्याच पत्त्यावरून लिहिणारे सदस्यही सापडतात, आणि त्यांना आपण सदस्य नाही हे पटवून देणं अवघड जातं. पत्र ४० केबीपेक्षा मोठं असेल तर थांबतं. एकाच पत्रावर दहा किंवा जास्त जणांचे पत्ते असतील तर थांबतं. यादीचा पत्ता बीसीसीमध्ये घातला तरी थांबतं. ४० केबीची मर्यादा आजच्या काळात फार तोकडी आहे. सहीतला एखादा लोगोसुद्धा ती ओलांडतो. नवी यादी केली की मी पहिल्यांदा हीच वाढवतो.

खरा बिघाड झाला की पत्र शंट नावाच्या फोल्डरमध्ये जातं. एखाद्या हेडरमधलं चुकीचं एन्कोडिंग वाचताना कोड अडखळला, डेटाबेसशी संपर्क तुटला, की ते पत्र बाजूला ठेवून रांग पुढे चालू राहते. एका वाईट पत्रामुळे सगळी यादी ठप्प होत नाही, हा फार मोठा गुण आहे. लॉगमध्ये पूर्ण ट्रेसबॅक (कोड कुठे अडखळला त्याचा माग) मिळतो, 'मेलमन क्यूफाइल' या कमांडने ती फाइल उघडून बघता येते आणि मूळ कारण दुरुस्त केलं की 'मेलमन अनशंट' दिल्यावर पत्रं पुन्हा मार्गाला लागतात. मात्र अनशंट देण्याआधी तारखा बघाच. महिन्यापूर्वीची बैठकीची सूचना आज सगळ्यांना पोचली तर गोंधळ होतो.

आर्काइव्हचंही तसंच. पत्र सगळ्यांना पोचतं, पण हायपरकिटीत दिसत नाही, हा प्रकार झाला तर आधी आर्काइव्हर-की (कोअर आणि हायपरकिटी यांच्यातला गुप्त संकेतशब्द) दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते तपासा. पत्रं गेलेली नसतात. हायपरकिटीला पोचवता न आलेली पत्रं स्पूलमध्ये थांबतात आणि संपर्क जुळल्यावर पुढचं पत्र आलं की तीही आत जातात. जुन्या एमबॉक्स फाइली (यात अनेक पत्रं एकाच फाइलीत असतात) आणताना क्लीनआर्च३ ही स्क्रिप्ट आधी चालवावी, नाहीतर मजकुरात 'फ्रॉम' ने सुरू होणाऱ्या ओळींवर पत्र तुटून दोन होतात. शोधासाठी व्हूशऐवजी झेपियन घ्या. मोठ्या आर्काइव्हचा इंडेक्स बांधताना व्हूश फार मागे पडतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय, आणि त्याचा मेलमनच्या कोडशी थेट संबंधही नाही: डीमार्क, म्हणजे आपल्या नावाने आलेलं पत्र खरं ठरलं नाही तर त्याचं काय करायचं हे सांगणारं डोमेनचं धोरण. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी 'रिजेक्ट' धोरण जाहीर केलं, पाठोपाठ एओएलने, आणि जगभरच्या याद्यांवर एकदम गडबड उडाली. कारण समजून घेण्यासारखं आहे. यादी विषयात आपला उपसर्ग जोडते, तळाशी फूटर लावते, आणि त्यामुळे पाठवणाऱ्याची डीकेआयएम सही (पत्र वाटेत बदललं नाही याची खूण) मोडते. एसपीएफ (पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनला मान्य आहे का ही तपासणी) पास होतो, पण तो यादीच्या डोमेनसाठी, पाठवणाऱ्याच्या नव्हे. म्हणजे घेणाऱ्या सर्व्हरच्या दृष्टीने ते पत्र बनावट ठरतं.

यातला खरा अन्याय पुढे आहे. कडक धोरणाच्या डोमेनवरचा एक सदस्य पत्र लिहितो. ते नाकारलं जातं दुसऱ्याच सेवेवरच्या शेकडो सदस्यांकडे, आणि बाउन्सचे (न पोचता परत आलेल्या पत्रांचे) गुण चढतात त्या निरपराध सदस्यांच्या नावावर. मूळ सेटिंग अशी की दिवसाला जास्तीत जास्त एक गुण, पाच गुण झाले की पोचवणं बंद. असे लिहिणारे रोज लिहीत असतील तर आठवड्याच्या आत यादीचा मोठा भाग गप्प होतो, आणि त्या लोकांना वाटतं की यादीच थंड पडली आहे. आमच्याकडे एका मोठ्या मेल सेवेवरचे सदस्य असेच एकगठ्ठा बंद झाले होते. उपाय यादीच्या सेटिंगमध्येच आहे: डीमार्क मिटिगेशनमध्ये 'फ्रॉम'च्या जागी यादीचा पत्ता घालायचा. वाचणाऱ्यांना 'अमुक, यादीमार्फत' असं दिसतं, काहींना ते आवडत नाही, पण पत्र पोचतं. हे पहिल्याच दिवशी चालू ठेवावं असं माझं ठाम मत आहे.

बाउन्सच्या बाबतीत व्हर्पही चालू करून घ्या. त्यात प्रत्येक सदस्याच्या प्रतीवरच्या परतीच्या पत्त्यात त्याचा स्वतःचा पत्ता गुंफलेला असतो. सदस्याने आपला मेल दुसरीकडे वळवला असेल तर बाउन्समध्ये भलताच पत्ता येतो, आणि तो कोणाचा हे व्हर्पशिवाय कळत नाही. प्रती वेगवेगळ्या जात असल्याने सर्व्हरवर बोजा वाढतो, पण काही हजार सदस्यांपर्यंत तो जाणवत नाही.

पुढचं सगळं पोस्टफिक्सच्या हातात. समोरच्या सर्व्हरच्या उत्तरात चारने सुरू होणारा कोड म्हणजे नंतर या, पाचने सुरू होणारा म्हणजे येऊ नका. पहिल्या प्रकारची पत्रं मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस डिफर्ड रांगेत राहून पुन्हा पुन्हा पाठवली जातात. 'क्यूशेप डिफर्ड' ही कमांड कोणत्या डोमेनची किती पत्रं किती वेळ अडलीत ते एका नजरेत दाखवते. एकाच डोमेनचा ढीग दिसला तर त्यांनी आपल्याला आवर घातलाय, आणि त्या डोमेनसाठी वेगळी, संथ गतीची वाट करून द्यावी. सगळ्याच डोमेनचा ढीग असेल तर दोष आपल्याकडे: डीएनएस (डोमेनचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा), किंवा बाहेर जाणारा २५ पोर्ट. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले आहेत. जीमेलकडे दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. रिव्हर्स डीएनएस (सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून त्याचं नाव सांगणारी नोंद) तर लहान यादीलाही हवाच.

नोंदणीच्या फॉर्मवर कॅप्चा किंवा वेग-मर्यादा ठेवा. बॉट तिथे परक्यांचे पत्ते भरतात, खात्री करून घेणारी पत्रं आपल्या सर्व्हरवरून त्या लोकांवर जाऊन पडतात, आणि नाव आपलं खराब होतं.

उणिवा आहेत. कोअर, पोस्टोरियस, हायपरकिटी यांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळवून घ्याव्या लागतात, आणि अपडेटचा दिवस निवांत ठरवावा लागतो. पण सगळ्यात खटकतं ते हे की शंटमध्ये किती पत्रं पडलीत हे पोस्टोरियसमध्ये कुठेच दिसत नाही. ज्याला फक्त वेबवरून यादी सांभाळायची आहे, त्याला पत्र अडकल्याचं कळायला मार्गच नाही. म्हणून मी क्रॉनवर (ठरावीक वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) एक छोटी स्क्रिप्ट लावली आहे. शंट फोल्डरमध्ये एकही फाइल दिसली, किंवा डिफर्ड रांगेतलं पत्र काही तासांहून जुनं झालं, की ती मला कळवते. तो निरोप मुद्दाम दुसऱ्या सर्व्हरमार्फत येतो. हाच सर्व्हर अडला असेल तर त्याचा निरोपही त्याच रांगेत पडून राहील.