एकच फेरी जमणार असेल तर: मंगोलिया की इनर मंगोलिया?

मंगोलांची मूळ भूमी पाहायची म्हटलं की आधी हे ठरवावं लागतं. मधे गोबीचं वाळवंट, उत्तरेला स्वतंत्र मंगोलिया, दक्षिणेला चीनमधला इनर मंगोलिया. दक्षिणेकडच्या टोळ्यांनी 1636 मध्ये मांचूंचं, म्हणजे चीनच्या छिंग राजघराण्याचं वर्चस्व मान्य केलं, उत्तरेच्या खाल्खा टोळ्यांनी 1691 मध्ये. 'आतला' आणि 'बाहेरचा' हा भेद तिथला. 1911 मध्ये मांचू सत्ता ढासळताच उत्तरेनं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि 1921 नंतर ती सोव्हिएत छायेत गेली. दक्षिणेकडची बाजू मात्र चीनकडेच राहिली, 1947 मध्ये स्वायत्त प्रदेश झाली.

सोयीचं पारडं दक्षिणेकडे झुकतं, हे आधीच मान्य करतो. बीजिंगहून इनर मंगोलियाची राजधानी होहोट वेगवान रेल्वेनं दोन-अडीच तासांवर. जुने विहारही तिथे बरे टिकलेत. उत्तरेत 1937 ते 1939 च्या दमनात बहुतेक विहार पाडले गेले. उभी मंगोल लिपी होहोटमध्ये दुकानांच्या पाट्यांवर दिसते, तर मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये 1940 च्या दशकापासून सिरिलिक, म्हणजे रशियन वळणाची लिपी. मात्र त्या पाट्यांखाली कानावर पडते ती बहुधा चिनी, कारण प्रदेशाच्या जवळपास अडीच कोटी लोकांत मंगोल साधारण सहात एक. ऑर्डोसमधलं चंगीझ खानाचं स्मारक पाहायला जाणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे त्याचं शव नाही.

माझा कौल उत्तरेकडे फिरला तो तारेच्या कुंपणामुळे. 1980 च्या दशकापासून इनर मंगोलियात आधी जनावरं, मग कुरणं कुटुंबवार करारानं वाटली गेली. ज्याचं त्याचं कुरण झालं, तसे खांब रोवले गेले. ऋतूप्रमाणे मुक्काम हलवणारा कळप एका चौकोनात अडकला. तेच गवत पुन्हा पुन्हा तुडवलं जातं, मुळं उघडी पडतात, वाळू उडू लागते. मग चराईबंदी येते आणि मेंढ्या गोठ्यात बांधून चाऱ्यावर पोसाव्या लागतात. गाडीतून उतरून क्षितिजाकडे चालू लागावं, तर थोड्याच अंतरावर तार आडवी येते. ज्यांचं सगळं आयुष्य मुक्काम हलवण्यावर उभं, त्यांच्या भूमीत हे फार खुपतं.

मंगोलियाच्या 1992 च्या राज्यघटनेनं कुरण खासगी मालकीत द्यायलाच मनाई केली आहे. त्याचं मोल 'झुद'मध्ये कळतं. कोरड्या उन्हाळ्यानंतर कडक हिवाळा आला आणि बर्फाचा थर गोठला, की जनावराचं तोंड गवतापर्यंत पोचत नाही. अशा वेळी कळप दूरच्या कुरणात हलवतात, त्याला 'ओतोर' म्हणतात. तरीही 2009-10 च्या हिवाळ्यात 80 लाखांहून जास्त जनावरं दगावली. कुंपणं असती तर ओतोरची वाटही उरली नसती. तिथलं गवत निरोगी आहे असं मात्र नाही. कॅशमीर या मऊ लोकरीसाठी शेळ्या बेसुमार वाढल्यात आणि त्यांचा भार कुरणावर पडतोय.

उत्तरेला जायचं ठरलं तर जून मध्य ते ऑगस्टअखेर हा काळ धरा. 11 ते 13 जुलै नादाम हा राष्ट्रीय खेळांचा उत्सव असतो, तेव्हा राजधानीतली खोली फार आधी घ्या. जुन्या मंगोल राजधानीच्या जागी असलेल्या खारखोरिनपर्यंतचे साधारण 360 किलोमीटर डांबरी आहेत. त्यापुढे आडबाजूला वळलात की एका वाटेच्या पाच वाटा होतात आणि पावसानंतर नदी गाडीनं ओलांडता येत नाही, म्हणून दर चार दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवा. गाडी फुर्गॉन, म्हणजे रशियन व्हॅन मिळाली तर उत्तम: आत हाडं खिळखिळी होतात, पण वाटेत बिघडली तर चालक स्वतःच दुरुस्त करतो. शाकाहाऱ्यांनी डाळ-तांदूळ बरोबर न्यावेत. गावाबाहेर मांस आणि दूधदुभतं यापलीकडे फारसं मिळत नाही. गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत शिरताना उंबऱ्यावर पाय देऊ नका. पुढे आलेला खारट दुधाचा चहा उजव्या हातानं घ्या.

रेल्वेनं दोन्ही जोडता येतात. पण मंगोलियाचे रूळ रशियन मापाचे, 1520 मिलिमीटर रुंद, चीनचे 1435. सरहद्दीवर एरेनहोटला डबे उचलून खालची चाकं बदलतात, त्यात काही तास जातात. चीनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर एकदा बाहेर पडल्यावर त्याच व्हिसावर परत शिरता येत नाही.