घरच्या कामासाठी चार इंची बेंच व्हाइस

डोंबिवलीच्या घरातील गॅलरीत एका अडीच फुटी बाकावर माझे किरकोळ फिटिंगचे काम गेली सहा वर्षे चालते. सायकलची दुरुस्ती, जुन्या कुलपांची डागडुजी, पंख्याचे किंवा मिक्सरचे बुश बदलणे, एखादी पट्टी कापून ब्रॅकेट करणे, एवढाच त्याचा आवाका आहे. या काळात माझ्याकडे तीन व्हाइस, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून घट्ट धरणारी साधने, झाले. पहिला टेबलाच्या कडेला अडकवायचा ॲल्युमिनियमचा होता. तो सोल्डरिंगपुरता बरा, पण करवत लावली की कामाऐवजी टेबलच हलू लागे. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तिसरा, म्हणजे सध्या वापरात असलेला, साध्या पक्क्या बेसचा चार इंची आहे. मात्र तो मी का निवडला हे समजण्यासाठी दुसऱ्याची हकीकत आधी सांगावी लागेल.

दुसरा व्हाइस सहा इंची, फिरत्या बेसचा, मागे छोटी ऐरण असलेला आणि निळ्या रंगात चकाकणारा असा होता. तो साधारण अडीच हजारांत मिळाला म्हणून मी स्वतःवरच खूश होतो. आठव्या महिन्यात सायकलच्या पेडलची क्रँक धरून हँडल आवळत असताना ‘टक्’ असा आवाज झाला आणि पुढचा जबडा मुळापासून निखळून हातात आला. तुटलेल्या जागी राखाडी, खरखरीत दाणा दिसत होता आणि त्याच्या मधोमध हरभऱ्याएवढी काळी पोकळी होती, जिच्यावर बाहेरून पुट्टी भरून रंग मारलेला होता. जादा जोर मिळावा म्हणून हँडलवर मी पाइप चढवलेला नव्हता. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तशाच घडणीचा माल अनेक नावांनी विकला जातो.

हे समजायला थोडे गणित पुरेसे आहे. आट्यांचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, ५ मिलिमीटर आणि हँडलची लांबी मध्यापासून १८० मिलिमीटर धरली, तर एका फेऱ्यात हात सुमारे ११३० मिलिमीटर फिरतो आणि जबडा फक्त ५ मिलिमीटर सरकतो. घर्षणात त्यातले पाचपैकी चार हिस्से वाया गेले असे मानले, तरी हाताच्या २० किलो जोराचे जबड्यावर ९०० किलो होतात. साधे बीड दाब छान सोसते, पण ताण पडला की न वाकता थेट तुटते, आणि जबड्याच्या मुळाशी नेमका ताणच पडतो. त्यामुळे ओतकामातल्या पोकळीला तिथे क्षमा नाही. एसजी आयर्न या वेगळ्या प्रकारच्या बीडात ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असल्याने ते तुटण्याआधी थोडे वाकते. ते मिळत असेल तर जरूर घ्यावे, परंतु माझ्या बजेटमध्ये ते फक्त लहान मापातच बसत होते. कमी पैशांत मोठा व्हाइस घेणे म्हणजे बहुधा पातळ भिंतींचा व्हाइस घेणे, हे मला तेव्हा कळले.

म्हणून तिसऱ्या वेळी मशीद बंदर स्टेशनवर उतरून नागदेवी स्ट्रीटवर प्रत्यक्ष गेलो आणि चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर जबड्याचे चार नग काउंटरवर मांडायला लावले. खिशातून वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या काढून त्या जबड्याच्या दोन टोकांना धरल्या आणि हलकेच आवळले. तीन नगांत एक पट्टी घट्ट बसली आणि दुसरी सहज निसटली. चौथ्यात दोन्ही अडकल्या, म्हणजे त्याचे जबडे समांतर होते. नंतर जबडा पूर्ण उघडून त्याचे टोक वर-खाली हलवून पाहिले, जिथे स्लाइड, म्हणजे जबड्याचा सरकता भाग, सैल असते तिथे ते डुगडुगते. दुकानदार आधी कंटाळला होता, मग त्याने स्वतःच वजनकाटा पुढे केला: एकाच मापाच्या या चार नगांत साडेपाच किलोपासून नऊ किलोपर्यंत फरक निघाला. मी नऊ किलोंचा नग घेतला, आणि योगायोगाने पट्ट्यांच्या परीक्षेत उतरलेलाही तोच होता. बेंच व्हाइससाठी आय. एस. २५८६ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख चारपैकी एकाच खोक्यावर होता.

पुण्याला जाणे होत असेल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, हाही एक मार्ग आहे. तिथे कारखान्यातून निघालेले जड व्हाइस दिसतात. गंजाला घाबरू नये, पण नटाचे आटे झिजले आहेत का आणि जबड्यावर वेल्डिंगची खूण आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बीडाचे वेल्डिंग घरच्या कामातही विश्वासाचे नसते.

नव्या व्हाइसचे तीन वर्षांतले वर्तन समाधानकारक आहे. जबड्यांच्या पोलादी प्लेट कडक असून कानस फिरली तरी त्यांवर ओरखडा उठत नाही. मात्र त्यांची जाळीदार नक्षी मऊ पितळेवर छापली जाते, म्हणून ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे मी त्यावर बसवले आहेत. फिरता बेस नसल्याची उणीव वर्षातून दोनदा जाणवते, त्याबदल्यात करवत चालवताना बेस सरकत नाही. बसवताना मागचा जबडा बाकाच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवावा, नाहीतर लांब पाइप उभा धरता येत नाही. उंचीसाठी आयटीआयमधली जुनी रीतच चांगली, हनुवटीखाली मूठ धरून उभे राहिल्यावर कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकले पाहिजे. माझा बाक त्या हिशेबाने दोन इंच ठेंगणा निघाला, म्हणून व्हाइसखाली सागाची फळी घातली आणि १२ मिलिमीटरचे बोल्ट खालून मोठे वायसर लावून आवळले.

तक्रारी दोन आहेत. स्क्रू जबड्यात धरून ठेवणारी पिन ढिली असल्याने हँडल उलटे फिरवताना अर्धा फेरा वाया जातो. पिनेमागे एक जाड वायसर घातल्यावर ते पाव फेऱ्यावर आले. दुसरी तक्रार क्षुल्लक, पण रोजची. हँडल सोडले की ते खाली घसरते आणि त्याची गोटी स्क्रूच्या डोक्यावर दणकन आपटते, त्यात करंगळी दोनदा सापडली, शिवाय खालच्या मजल्यावरून रात्री निरोप आला तो वेगळाच. आता दोन्ही गोट्यांवरून प्लंबरकडची एकेक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, ताणून चढवली आहे.