सायकल सर्व्हिसिंगला 5,700 रुपये दिले, वर डिरेलर पण घालवून बसलो

लिहायची लाज वाटतेय खरं तर. वय 43, दहा वर्षं झाली सायकल चालवतोय, आणि एका दुकानदाराने मला दिवसाढवळ्या 5,700 रुपयांची टोपी घातली, वर माझ्याच सायकलचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन इकडून तिकडे सरकवणारा पार्ट, काढून ठेवून घेतला. आणि निघताना मी त्याला थँक्यू म्हणालो. थँक्यू!

झालं असं की जुलैमध्ये बोपदेव घाट उतरताना एका वळणावर चिखलावरून घसरलो. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही पण सायकल उजव्या अंगावर आपटली, म्हणजे गिअरच्या बाजूला. तेव्हापासून चढावर गिअर आपोआप उडायचा आणि पेडलवर जोर दिला की कट्ट, कट्ट. मित्राला फोन केला तर म्हणाला रविवारी घेऊन ये, बघतो.

आता तुम्ही म्हणाल मग गेला का नाहीस. याच मित्राकडे मागच्या वर्षी ब्रेकसाठी सायकल दिली होती, तर ती तीन आठवडे त्याच्या गॅलरीत उलटी पडून होती, वहिनी कपडे वाळत घालताना तिला धडकायच्या आणि टोमणे मला ऐकायला लागायचे. फुकटात काम म्हटलं की घाई पण करता येत नाही. आणि 15 ऑगस्टला ग्रुपची सिंहगड राईड होती. म्हटलं पैसे फेकू, पावती घेऊ, विषय संपला. पावती म्हणे.

दुकान दिसायला एकदम झकास. भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, सायकल लावायला स्टँड, काम करणाऱ्या पोराच्या अंगावर ॲप्रन. लहानपणी आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर काढायचा, बुडबुडा कुठून येतोय ते आपल्याला दाखवायचा, मग पैसे मागायचा. इथे मालकाने पेडल हाताने एकदा फिरवलं, कान दिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "सर, बॉटम ब्रॅकेट गेलाय. चेन पण गेली. आणि चेन गेली म्हणजे कॅसेट आलीच." बॉटम ब्रॅकेट म्हणजे फ्रेममधलं बेअरिंग, ज्यावर पेडलं फिरतात, आणि कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या.

हिशोब असा: ओव्हरहॉलिंग 1,200, चेन 950, कॅसेट 1,450, बॉटम ब्रॅकेट 1,100, केबल 480, वर फिटिंगचे 600. झाले 5,780. मी घासाघीस केली तर 80 रुपये सोडले. मला वाटलं जिंकलो.

चार दिवसांनी आणायला गेलो आणि इथेच माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे. पडल्यामुळे माझ्या मागच्या डिरेलरवर आडवा ओरखडा आला होता, बोटाच्या पेराएवढा, काळा रंग जाऊन आतलं पांढरं मेटल दिसायचं. तो ओरखडा नव्हता. मी खाली वाकून बघितलं, बोट पण फिरवलं, आणि मनात काय आलं असेल? वा, काय साफ केलीय! अरे ओरखडा काय रॉकेलने धुतला जातो का? आधीचा डिरेलर शिमानो कंपनीचा डिओरे होता, आणि समोर जो होता त्याच्यावर चक्क 'टर्नी' असं इंग्रजीत छापलेलं होतं. शिमानोचाच, पण त्यांच्या अगदी खालच्या रेंजमधला. मला वाचता येतं हो. वाचलं नाही.

जुने पार्ट मागितले तर पोरगा म्हणाला, "काका, ते भंगारात गेले." हे ऐकलं की तिथेच थांबा. काम सांगतानाच म्हणायचं, जुनं सगळं पिशवीत घालून ठेव. पावती म्हणून पॅडच्या मागच्या कोऱ्या कागदावर पेनने आकडे, दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही. पैसे यूपीआयने, ते पण कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर, मला वाटलं भावाबिवाचा असेल.

15 ऑगस्टला सिंहगडाच्या चढाला परत तेच, कट्ट, कट्ट, आणि गिअर उडतोय. वर पिठलं-भाकरी खाताना मित्र माझ्या सायकलकडे बघून म्हणाला, "अरे, डिओरे विकलास काय?" घास घशात अडकला.

संध्याकाळी त्याच्याकडे उघडून बघितलं. चेनवर पोरीची बारा इंची फूटपट्टी धरली. नवी चेन असेल तर पिनपासून पिनपर्यंत बरोबर बारा इंच भरतात, इथे पिन पट्टीच्या बाहेर, दीड-दोन मिलिमीटर. म्हणजे चेन बदलायला झालेली होतीच, फक्त बदलली नव्हती, रॉकेलमध्ये धुऊन परत चढवली. कॅसेट पण तीच. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, काढला तर बॉटम ब्रॅकेटभोवती जुना चिखल वाळून दगड झालेला, तिथे कुणी पाना लावलेलाच नाही. नवीन काय, तर केबल. 480 रुपयांच्या.

आणि मूळ दुखणं काय होतं माहितीय? डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर पडल्यामुळे वाकला होता. तो मिळतो 350 रुपयांना. आणि कट्ट कट्ट म्हणजे डावं पेडल ढिलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते मित्राने उलट्या बाजूला पिळून घट्ट केलं, दहा सेकंद लागले असतील. मी बाहेर जाऊन उभा राहिलो जरा वेळ.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मालक शांत. "सर, तुम्ही आणली तेव्हा हाच होता. फोटो आहे का?" फोटो नाही. जेवणाच्या ताटाचे शंभर फोटो आहेत माझ्याकडे, सायकल टाकताना एक काढला नाही. तुम्ही काढा. डिरेलर, क्रँक, चाकं, फ्रेम नंबर, सगळ्याचे.

मग चौकीत गेलो. पाऊण तास बाकड्यावर. "सायकल चोरीला गेली का?" नाही. "मग सायकल तुमच्याकडेच आहे ना?" हो पण पार्ट. "कसला पार्ट?" आता त्यांना डिरेलर कसा समजवायचा, मी हाताने आकार करून दाखवला तर दोघं हसायला लागले. म्हणाले हे पैशाच्या देवघेवीचं प्रकरण आहे, कोर्टात जा. साधा अर्ज घ्या आणि सही-शिक्का द्या म्हटलं तर साहेब आल्यावर या. साहेब तीन दिवसांत आले नाहीत, किंवा मी गेलो तेव्हा नुकतेच गेलेले. मग एका हेल्पलाइनला फोन लावला, वीस मिनिटं सनई ऐकली, बाईंनी गोड आवाजात पावतीचा नंबर मागितला. नंबरच नाही म्हटल्यावर दुकानाचा जीएसटी नंबर मागितला. अहो, तो असता तर रडलो असतो का? तक्रार नोंदवली म्हणाल्या, आणि नऊ दिवसांनी मेसेज, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. कुणाचं झालं? माझं तर नाही झालं. परत फोन केला तर नवीन तक्रार करा.

ओळखीतल्या एका वकिलाने सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरलेली आहे, दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी पण नाही. हे सगळं छान आहे, फक्त 5,700 रुपयांसाठी ऑफिसला किती सुट्ट्या टाकायच्या? तरी करणार आहे. बायको म्हणते जाऊ दे. नाही जाऊ देणार. यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे, तो चिठोरा आहे, आणि हो, घाटात पडल्यानंतर ग्रुपवर एकाने माझी खिल्ली उडवायला फोटो टाकला होता, त्यात कोपऱ्यात डिरेलर दिसतोय. ओरखड्यासकट.

सेकंडहँड डिओरे 1,800 ला मिळाला. सायकल सध्या मित्राच्या गॅलरीत उलटी आहे. तो म्हणालाय रविवारपर्यंत होईल. कुठल्या रविवारपर्यंत ते मी विचारलेलं नाही, आणि वहिनींसाठी बाकरवडी नेऊन दिलीय.