मारियो कार्ट वर्ल्ड: ८० डॉलरला घ्यावा का?

२ एप्रिल २०२५ ला निन्टेंडोने आपला नवा गेम कन्सोल स्विच २ तासभर दाखवला, पण किमतीबद्दल चकार शब्द काढला नाही. आकडे नंतर वेबसाइटवर आले: कन्सोल ४४९.९९ डॉलर, त्यावरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मारियो कार्ट वर्ल्ड ७९.९९. त्यानंतरच्या थेट प्रक्षेपणात चॅट ‘किंमत उतरवा’ या एकाच मागणीने भरून वाहत होतं. हा राग रास्त होता. त्याच कन्सोलवरचा डाँकी काँग बनान्झा हा दुसरा गेम त्यांनी ६९.९९ ला लावला, म्हणजे ८० डॉलर घेणं काही अपरिहार्य नव्हतं.

आता गेमचं. नॉकआउट टूर हा प्रकार अप्रतिम आहे. २४ जण सुटतात आणि प्रत्येक गेटवर शेवटचे चार बाद होतात. दुसऱ्या गेटच्या तोंडाशी सोळाव्या नंबरवर असताना मागून लाल शेल (पुढच्या गाडीचा पाठलाग करून आदळणारं कवच) बसलं, की गाडी सावरेपर्यंत तीन-चार जण पुढे निघून जातात आणि तिथेच खेळ आटोपतो. म्हणून एक मशरूम (क्षणभर गाडीचा वेग वाढवणारी वस्तू) गेटपर्यंत हातात राखून ठेवायचा, आधीच्या सरळ रस्त्यावर उडवायचा नाही.

जास्तीचे पैसे ज्या मोकळ्या जगाच्या नावावर घेतले, तिथेच गेम कमी पडतो. फ्री रोममध्ये, म्हणजे शर्यतीविना या जगात मनसोक्त भटकायच्या प्रकारात, पी स्विच हे रस्त्यावरचं बटण दाबलं की छोटं आव्हान सुरू होतं: ठरावीक वेळात निळी नाणी गोळा करा, नाहीतर रेलिंगवरून घसरत पलीकडे पोहोचा. असे शेकडो स्विच आहेत आणि बक्षीस काय, तर गाडीला लावायचं स्टिकर. शिवाय एकाच टीव्हीवर स्क्रीन विभागून दोघांना फ्री रोम खेळता येत नाही. घरात मिळून खेळायच्या गेममध्ये ही मोठी उणीव आहे.

ग्रां प्रीमध्ये, म्हणजे ओळीने काही शर्यतींच्या स्पर्धेत, पहिल्या शर्यतीनंतर बराचसा वेळ एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जातो आणि मुख्य ट्रॅकची एखादीच फेरी वाट्याला येते. पूर्ण फेऱ्या हव्या असतील तर टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाशी शर्यत) उघडा. ट्रॅक तीसेक आहेत. ५९.९९ डॉलरच्या मारियो कार्ट ८ डिलक्समध्ये ४८ होते.

खरेदीचा हिशेब असा. कन्सोल आणि गेम एकत्र असलेला बंडल ४९९.९९ ला निघाला, म्हणजे गेम ५० डॉलरला पडत होता; अजून कुठे मिळाला तर त्या भावात तो नक्की घ्यावा. मात्र बंडलमधली प्रत डिजिटल असते, ती पुढे विकता येत नाही. सुटा घेणार असाल तर अमेरिकेत कार्ट्रिजच (गेम असलेलं छोटं कार्ड) घ्या: किंमत डिजिटलइतकीच, आणि खेळून झाल्यावर विकता येतं. अख्खा गेम कार्ट्रिजवर आहे, इतर काही गेमसारखं कार्डवर गेमऐवजी नुसती किल्ली देऊन वर डाउनलोड करायला लावत नाहीत. युरोपात उलट आहे: डिजिटल ७९.९९ युरो, कार्ट्रिज ८९.९९. ऑनलाइन खेळायला निन्टेंडोच्या स्विच ऑनलाइन या सदस्यत्वाचे वर्षाला १९.९९ डॉलर वेगळे.

भारतात निन्टेंडोची अधिकृत विक्री नाही, त्यामुळे माल आयातदारांकडूनच येतो. जपानी बाजारातला स्वस्त कन्सोल कुणी पुढे केला तर आधी खोका नीट तपासा. त्याची भाषा फक्त जपानी असते आणि त्यावर जपानबाहेरचं खातं जोडता येत नाही.