लॅपटॉपवर नेटविना नकाशा: क्यूजीआयएस कितपत कामाचं?

गुगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा फोनवरच उतरतो, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये ती सोयच नाही. विंडोजसोबत येणारं मॅप्स अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने गुंडाळलं. गुगल अर्थ प्रो आपण पाहिलेला भाग डिस्कवर राखून ठेवतं खरं, पण त्या कॅशची मर्यादा २००० एमबी, आणि त्यातलं जुनं कधी पुसलं जाईल ते आपल्या हातात नाही. म्हणून रेंज नसलेल्या मुक्कामी लॅपटॉपवर नकाशा हवा असेल तर गाडी शेवटी क्यूजीआयएसपाशी येऊन थांबते. नकाशे पाहायचं आणि बनवायचं हे सॉफ्टवेअर फुकट, मुक्तस्रोत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालणारं. इन्स्टॉलर जीबीभराचा आहे, तेव्हा तो घरच्या वायफायवरच उतरवावा आणि ‘एलटीआर’, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती घ्यावी. ती कमी बदलते, कमी कोसळते.

सॉफ्टवेअर उत्तम आहे. गंमत अशी, की ऑफलाइन नकाशासाठी त्याची जी वाट सर्रास दाखवली जाते तीच सगळ्यात कच्ची.

ती वाट म्हणजे टाइल्स, नकाशाचे छोटे चौकोनी चित्र-तुकडे. ब्राउझर पॅनेलमधून ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला मुक्त नकाशा उघडायचा, प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ‘जनरेट एक्सवायझेड टाइल्स’ चालवायचं, झूम १२ ते १७ द्यायचं, झालं. सोपं वाटतं. आता हिशोब बघा. सिंहगड, राजगड, तोरणा मावतील असा ३० बाय ३० किलोमीटरचा चौकोन घेतला तर झूम १५ला साधारण ७०० टाइल्स लागतात, १६ला २,७००, १७ला १०,८०० आणि १८ला ४३,०००. दर पायरीला चौपट. ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून अशा ठोक टाइल्स उतरवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, कारण तो सर्व्हर देणग्यांवर चालतो. नव्या आवृत्त्यांत आकडा फार मोठा झाला की क्यूजीआयएस स्वतःच ती लेअर (नकाशाचा थर) वगळतं, लॉगमध्ये एक ओळ टाकतं, आणि आपण रिकामी फाइल घेऊन डोकं खाजवत बसतो. गुगलच्या उपग्रह टाइल्स अशा साठवणं त्यांच्याही अटींत बसत नाही.

तरी छोट्या भागासाठी टाइल्सच हव्या असतील तर ‘डिरेक्टरी’ नको, ‘एमबीटाइल्स’ निवडा. डिरेक्टरीत प्रत्येक टाइलची वेगळी फाइल होते. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असला तर त्यात एका क्लस्टरचा, म्हणजे फाइलला मिळणाऱ्या जागेच्या सर्वात लहान तुकड्याचा, आकार बहुधा १२८ केबी असतो. म्हणजे १० केबीची टाइलही १२८ केबी जागा अडवते. झूम १२ ते १७च्या मिळून १४ हजारांवर टाइल्स पावणेदोन जीबी खातात, आणि कॉपी होता होता चहा दोनदा होतो. एमबीटाइल्स ही एकच एसक्यूलाइट फाइल असते. डीपीआय ९६च ठेवा, बदललात तर अक्षरं धुरकट होतात. आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीवरची एकच फाइल त्यावर जात नाही.

क्यूजीआयएसच्या कॅशवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: ऑप्शन्समधल्या नेटवर्क विभागात टाइल्सची मुदत मुळात २४ तास दिलेली असते. काल दिसलेला नकाशा आज कोरा का, याचं उत्तर तिथे सापडतं.

खरी वाट आहे मूळ डेटाची. जिओफॅब्रिक ही जर्मनीतल्या कार्ल्सरूची कंपनी ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा प्रदेशवार कापून रोज ताजा ठेवते. भारताचे तिथे सहा विभाग आहेत, आपल्याला हवा ‘वेस्टर्न झोन’. महाराष्ट्र, गोवा, गुजरात सगळं त्यात येतं. इथले दोन फाइल-प्रकार आपल्या कामाचे: शेपफाइल, आणि ओपनस्ट्रीटमॅपचा मूळ डेटा दाबून भरलेली पीबीएफ. शेपफाइल ओढून टाकली की लगेच दिसते, म्हणून बहुतेक जण तीच घेतात. पण तिच्यात नावाचा एकच रकाना असतो, आणि आपल्याकडे त्यात बऱ्याचदा इंग्रजी नाव भरलेलं असतं. मराठी नावं वेगळ्या टॅगमध्ये (माहितीच्या चिठ्ठीत) असतात आणि ती फक्त पीबीएफमध्ये येतात. पीबीएफच घ्या.

मात्र पीबीएफ थेट उघडून नकाशा म्हणून वापरू नका. त्या फाइलला स्थानाची अनुक्रमणिका नसते. नकाशा जरा सरकवला की अख्खी फाइल पहिल्यापासून वाचली जाते आणि आठ जीबी रॅमचा लॅपटॉपही रडकुंडीला येतो. तिच्यातून एकदाच हवा तेवढा भाग जिओपॅकेज या अनेक लेअर मावणाऱ्या एका फाइलमध्ये काढून घ्यायचा.

त्याआधी एक छोटं पण मोलाचं काम. क्यूजीआयएसच्या जीडॅल (नकाशाच्या फाइली वाचणारा भाग) फोल्डरमध्ये ‘ओएसएमकॉन्फ’ नावाची मजकुराची फाइल असते. कोणत्या टॅगला स्वतःचा रकाना मिळणार ते तीच ठरवते. उरलेलं सगळं ‘अदर टॅग्ज’ नावाच्या पोत्यात कोंबलं जातं. बिंदूंच्या यादीत शिखर, झरा, पिण्याचं पाणी, उंची यांना मुळात जागाच नाही. तेव्हा बिंदूंच्या ओळीत नॅचरल, अ‍ॅमेनिटी, एली आणि नेम-कोलन-एमआर हे टॅग रोमन लिपीत (natural, amenity, ele, name:mr), स्वल्पविराम देऊन जोडा. रेषांच्या ओळीत निदान मराठी नावाचा टॅग तरी जोडाच. मग क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडा.

आता पीबीएफ ओढून आणा, पॉइंट्स, लाइन्स आणि मल्टिपॉलिगॉन्स निवडा. आपल्या चौकोनावर झूम करा, लेअरवर राइट क्लिक, ‘एक्स्पोर्ट’, ‘सेव्ह फीचर्स अ‍ॅज’, फॉरमॅट जिओपॅकेज, आणि खाली ‘एक्स्टेंट’च्या चौकटीत नकाशाची सध्याची हद्द. तिन्ही लेअर एकाच फाइलमध्ये ठेवता येतात, फक्त प्रत्येकीचं नाव वेगळं द्या. ‘ओव्हरराइट फाइल’वर बोट गेलं तर आधीच्या लेअर गेल्याच समजा. जिओपॅकेज पेनड्राइव्हवर टाकण्याआधी क्यूजीआयएस बंद करा. उघडं असताना शेजारी ‘वॅल’ नावाची सोबतीण फाइल असते, आणि ताजे बदल कधी कधी तिच्यातच अडकलेले असतात.

लेबलसाठी कोअलेस हे फंक्शन वापरा: आधी मराठी नावाचा रकाना, मग साधं नाव. मराठी नसेल तिथे इंग्रजी दिसेल. फॉन्ट निर्मला किंवा नोटो सॅन्स देवनागरी. अक्षरांमधलं अंतर शून्यच राहू द्या, वाढवलं की जोडाक्षरं मोडतात.

चढउतार हवा असेल तर एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या मोजणीचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, फक्त नासाच्या संकेतस्थळावर खातं काढावं लागतं. एक अंश बाय एक अंशाची एक फाइल, ३६०१ गुणिले ३६०१ बिंदू, सुमारे २५ एमबी. एन१८ई०७३ या एकाच फाइलमध्ये सिंहगड, राजगड, तोरणा आणि रायगडही येतात. प्रतापगड मात्र खालच्या एन१७मध्ये जातो. लेअरच्या सिम्बॉलॉजीत ‘हिलशेड’, म्हणजे उन्हासावलीच्या छटा, निवडलं की डोंगर काळेकुट्ट दिसतात आणि लोक वैतागून सोडून देतात. कारण साधं आहे: आडवं अंतर अंशांत, उंची मीटरमध्ये. फाइल आधी यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ३२६४३ क्रमांकाच्या, मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत बदलून घ्या, सगळं ठीक होतं. २० मीटरच्या समोच्च रेषा ‘रास्टर’ मेनूतून निघतात. फक्त हा डेटा ३० मीटरच्या जाळीचा आहे. सह्याद्रीतला सरळसोट कडा त्यात नुसता तीव्र उतार म्हणून दिसतो. त्या रेषा पाहून वाट ठरवू नये.

उणिवा आहेतच. रस्ता शोधायचं साधन आहे, पण अवघडलेलं. वळायला मनाई असलेले चौक त्याला कळत नाहीत. गाडीच्या प्रवासासाठी फोनवरचं ऑरगॅनिक मॅप्स कितीतरी बरं. दिसायला हवं तसं हवं असेल तर रंग, रेषा, चिन्हं सगळं हाताने लावावं लागतं, आणि पहिली संध्याकाळ त्यातच जाते. एकदा जमलेली स्टाइल जिओपॅकेजमध्येच सेव्ह करून ठेवता येते. प्रोजेक्टचे पाथ ‘रिलेटिव्ह’ आहेत ना तेवढं पाहा, नाहीतर दुसऱ्या लॅपटॉपवर प्रत्येक लेअर हरवलेली दिसते. आणि क्यूजीआयएसची नवी आवृत्ती टाकली की आपण बदललेली ओएसएमकॉन्फ जाऊन कोरी फाइल येते, म्हणून तिची एक प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा.