नूडॅट: अणुकेंद्रकाचं फिरणं तालुक्याच्या गावातून बघायचं तर

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतलं न्यूक्लियर डेटा केंद्र नूडॅट ही अणुकेंद्रकांच्या मोजमापांची वेबसाइट चालवतं. पैसे नाहीत, लॉगिन नाही. तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सी करणाऱ्यांसाठी याहून कामाची जागा सापडणं कठीण. फक्त ती शिकवत काही नाही, नुसते आकडे समोर टाकते.

उघडताच येणारा रंगीत तक्ता झकास दिसतो, पण रेंजची एकच कांडी असेल तर नुसता गरगरत बसतो. तो सोडा. लेव्हल्स (केंद्रकाच्या ऊर्जेच्या पायऱ्या) आणि गॅमाजचा (पायरी उतरताना निघणारे किरण) शोध-फॉर्म उघडून युरेनियम-२३८ टाका. समोर येणारी आकड्यांची यादी सेव्ह करून ठेवली की लोडशेडिंगमध्येही काम थांबत नाही.

आता वही घ्या. २, ४, ६, ८ स्पिनच्या (स्पिन म्हणजे फिरण्याचं माप) लेव्हल्स दिसतील: ४४.९, १४८.४, ३०७.२, ५१८.१ केईव्ही (हे ऊर्जेचं एकक). पहिलीला (नेमका आकडा ४४.९१६) ६ ने, म्हणजे २ गुणिले ३ ने, भागलं की सुमारे ७.४९ येतात. त्याला २०, ४२, ७२ ने गुणा (स्पिन गुणिले त्याच्या पुढचा आकडा: ४ गुणिले ५, ६ गुणिले ७, ८ गुणिले ९): १४९.७, ३१४.४, ५३९. खरा आकडा दरवेळी खाली राहतो आणि तूट वाढत जाते, कारण वेग वाढला की न्यूक्लिऑनच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या) जोड्या सैल पडतात आणि मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरण्यातलं जडत्व, वाढतो. अख्खा गोळा घट्ट धरून फिरला असता, तर ७.४९ च्या जागी ३.९ च्या आसपास आलं असतं. म्हणजे सुरुवातीला जडत्व निम्मंच भरतं. पाण्यानं भरलेला गडवा झटक्यात फिरवा: पितळ फिरतं, पाणी मागं राहतं. तसंच काहीसं.

४ स्पिनची लेव्हल भागिले २ स्पिनची ३.३० येते, आदर्श (२० भागिले ६) ३.३३. मग शिसं-२०८ उघडा. पहिली उत्तेजित लेव्हल थेट २६१४.५ केईव्हीला, तीही ३ ऋण (स्पिन ३, पॅरिटी ऋण). गोल केंद्रकाला फिरण्याची शिडीच नसते.

चुका ठरलेल्या आहेत. गॅमाचा रकाना लेव्हल समजून घेतला जातो. ४ वरून २ ला येणारा गॅमा १०३.५ चा, १४८.४ चा नव्हे. ४४.९ चा गॅमा स्पेक्ट्रममध्ये शोधत बसू नका, जवळपास सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉन घेऊन जातात. कंसातला स्पिन म्हणजे अजून पक्का नाही. ऊर्जेपुढे ‘अधिक एक्स’ असेल, तर तो बँड (लेव्हल्सची शिडी) खालच्या लेव्हल्सशी जोडलेला नाही. त्यातले फरकच वापरा.

विषम वस्तुमानाची केंद्रकं सुरुवातीला टाळा. प्लुटोनियम-२३९ मध्ये ३/२ ची लेव्हल ७.९ वर आणि ५/२ ची एकदम ५७.३ वर बघून डोकं चक्रावतं. त्याआधी एर्बियम-१५८ घ्या आणि गॅमा ऊर्जा स्पिननुसार ग्राफ पेपरवर मांडा. १२ च्या पुढं रेघ वर जायच्या ऐवजी खाली वळते. न्यूट्रॉनची एक जोडी तुटून फिरण्याच्या दिशेला लागते, म्हणून.