कोल्हापुरात प्रेस काढायचीय: जुनं मिनी ऑफसेट की डिजिटल?

प्रेस काढू बघणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न मशीनचा असतो. मी उलट विचारतो, गिऱ्हाईक कोण? कोल्हापुरात छपाईचं काम दोन वेगळ्या वाटांनी येतं. एकीकडे पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, तरुण मंडळं. दुसरीकडे राजारामपुरीतला किंवा महाद्वार रोडवरचा दुकानदार, ज्याला शंभर व्हिजिटिंग कार्डं आणि वीस मेनूकार्डं संध्याकाळपर्यंत हवी असतात. पहिल्याचं काम ऑफसेटचं, म्हणजे प्लेटवरून शाईनं छापणाऱ्या मशीनचं; दुसऱ्याचं डिजिटलचं, म्हणजे फाइलवरून थेट छापणाऱ्याचं.

ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. शाई-पाण्याचा मेळ बसेपर्यंत कागद वाया जातो तो निराळाच. हा खर्च पन्नास प्रतींना जेवढा, तेवढाच पाच हजारांना. डिजिटलला प्लेट नाही, पण दर प्रतीमागे टोनर, म्हणजे पावडरची शाई, आणि क्लिक चार्ज, म्हणजे मशीनच्या देखभालीचा दर छाप्यामागचा आकार, आहेच. समजा डिजिटलवर प्रत ८ रुपयांना पडते आणि ऑफसेटवर सुरुवातीचे २४०० रुपये जाऊन पुढे प्रत २ रुपयांना, तर ४०० प्रतींना दोन्ही सारखे. त्याखाली डिजिटल, वर ऑफसेट. आपल्या बाजारातले खरे दर घालून हे गणित स्वतः मांडा.

एकरंगी मिनी ऑफसेटचं खरं पोट बिलबुकं, पावतीपुस्तकं आणि लेटरहेडवर भरतं. जीएसटीत माल विकणाऱ्याला बिलाच्या तीन प्रती लागतात, म्हणजे नंबरिंग, पर्फोरेशन (पान फाडायची भोकांची रेघ), बाइंडिंग असं सगळंच काम आलं. लेटरहेड तर ऑफसेटवरच करावं. डिजिटलवर छापलेलं लेटरहेड ऑफिसच्या लेझर प्रिंटरमधून पुन्हा गेलं की उष्णतेनं टोनर मऊ होऊन चिकटू शकतो. डिजिटलची दुसरी खोड घडीवर दिसते. जाड कार्डावर गडद रंग असेल तर घडीच्या रेषेवर टोनर तडकतो आणि पांढरी चीर उघडते. लग्नपत्रिका घेणार असाल तर क्रीझिंगची, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून घेण्याची, सोय आधी करा.

आता आपल्याकडचा मोठा हंगाम. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे जुलैपासून अहवालांची रीघ लागते, त्यात गणपतीची पावतीपुस्तकं, आणि हे सगळं ऐन पावसात. एका पतसंस्थेच्या अहवालाचं दोनरंगी कव्हर मी एकरंगी मशीनवर घेतलं होतं. निळा शनिवारी मारला, लाल सोमवारी. मधल्या दिवसात कागदानं ओल धरली, गठ्ठ्याच्या कडा लाटेसारख्या वर आल्या आणि लाल अक्षर निळ्या चौकटीबाहेर सूतभर सरकलं. सभेची तारीख तोंडावर. कव्हरं पुन्हा छापली, कागद माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून पहिला रंग झाला की गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो. ओला कागद डिजिटललाही चालत नाही, तो वाकतो आणि आत अडकतो.

माझं मत स्पष्ट आहे. नवख्यानं डिजिटल, चांगलं कटिंग आणि बाइंडिंग घेऊन बसावं, ऑफसेटची ऑर्डर घ्यावी पण छापायला बाहेर द्यावी. बाहेर दिलेल्या कामाची वही ठेवावी. त्या मजुरीत मशीनचा हप्ता आणि मशीनमनचा पगार सलग वर्षभर निघतोय असं दिसलं, की ऑफसेट घ्या. अपवाद एकच: घरात मुरलेला मशीनमन असेल आणि दोन-चार संस्थांचं काम आधीच हातात असेल, तर पहिल्या दिवसापासून जुनं ऑफसेट घ्यायला हरकत नाही. मशीनमनशिवाय मात्र ते नुसतं लोखंड आहे.

डीटीपीवर, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीवर, दोन्हीकडे सारखाच जीव ओता. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये येतो आणि जुन्या फाँटात बदलताना रफार उडतो, वेलांटी सरकते. प्रूफवर सही घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नका. लोकसभा-विधानसभेच्या प्रचारपत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता छापणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम १२७-अ नुसार बंधनकारक आहे; ते चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

भांडवलासाठी मुद्रा कर्जाचा किशोर गट ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत आहे.

आणि गाळा ठरवताना, व्हीनस कॉर्नर-शाहूपुरीच्या बाजूला बघत असाल तर २०१९ आणि २०२१ ला महापुराचं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. कागदाची रॅक त्या खुणेच्या वर ठेवता येते. मशीन उचलता येत नाही.